डोटा २ साठी कीबोर्ड आणि माउस आपल्या हाताप्रमाणे कसा लावावा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी राहायला आला, तेव्हा त्याने नुकतीच डोटा २ हा पाच-पाच जणांच्या दोन संघांत लढला जाणारा संगणकावरचा गेम खेळायला सुरुवात केली होती आणि रोज संध्याकाळी तो रडवेला होऊन उठत होता. “मामा, माझा हातच हळू आहे,” अशी त्याची तक्रार होती. मी अर्धा तास त्याच्या मागे खुर्ची टाकून बसलो आणि त्याचा पडदा न पाहता फक्त हात पाहिले. समोर शत्रू आला की तो माउसचा कर्सर शत्रूवरून उचलून पडद्याच्या तळाशी असलेल्या स्किलच्या, म्हणजे पात्राच्या खास शक्तीच्या, चित्रापर्यंत नेत असे, तिथे क्लिक करत असे, आणि मग कर्सर पुन्हा वर आणून शत्रूला शोधत असे. तोवर शत्रू झाडीत गेलेला असे. डावा हात या काळात कीबोर्डच्या कडेला नुसता टेकलेला होता. हात हळू नव्हता, हाताला चालावा लागणारा रस्ता लांब होता. हा रस्ता कसा कमी करायचा, एवढ्याच प्रश्नाभोवती पुढील सर्व पायऱ्या फिरतात.

सुरुवातीला व्याप्ती लक्षात घ्यावी. एका हिरोची, म्हणजे आपण चालवतो त्या पात्राची, चार ते सहा स्किल्स, आयटमच्या, म्हणजे जवळ बाळगायच्या वस्तूंच्या, सहा जागा, झटक्यात दूर नेणाऱ्या टाउन पोर्टल स्क्रोलची स्वतंत्र जागा, न्यूट्रल आयटम ही दुकानात न मिळणारी वस्तू, हल्ला करणे, थांबणे, जागा धरून उभे राहणे, सामान आणून देणारा कुरिअर बोलावणे, दुकान उघडणे, कॅमेरा हलवणे, सोबत्यांना खूण करणे आणि ठरावीक संदेश पाठवणे अशा आज्ञा मोजल्या तर आकडा सहज पंचवीसच्या वर जातो. त्यांच्यासाठी डाव्या हाताची पाच बोटे आहेत. उजवा हात माउसवर अडकलेला असतो आणि तो तिथून उठता कामा नये.

या गेममध्ये बटणे बदलण्याला एवढे महत्त्व का आले, याला थोडा इतिहास आहे. डोटाचा मूळ खेळ २००३ मध्ये वॉरक्राफ्ट ३ या गेमवर हौशी मंडळींनी रचलेला एक नकाशा होता. त्यात प्रत्येक स्किलचे बटण त्या स्किलच्या नावातल्या एखाद्या अक्षरावरून ठरलेले असे, त्यामुळे एका हिरोची चार बटणे कीबोर्डच्या चार कोपऱ्यांत विखुरलेली असत. आयटमसाठी उजवीकडच्या अंकांच्या पट्ट्यातील ७, ८, ४, ५, १ आणि २ ही बटणे होती, म्हणजे आयटम वापरायचा तर माउस सोडून द्यायचा किंवा डावा हात संपूर्ण कीबोर्ड ओलांडून पलीकडे न्यायचा. वाल्व्ह कंपनीने ९ जुलै २०१३ रोजी डोटा २ अधिकृतपणे खुला केला, तेव्हा स्किल्स क्यू, डब्ल्यू, ई, डी, एफ, आर या जवळच्या बटणांवर आली आणि आयटम झेड, एक्स, सी, व्ही, बी, एन या खालच्या ओळीत बसले. ही मूळ मांडणी वाईट नाही. नवख्याने ती सगळी मोडून टाकण्याची गरज नाही, तिच्यातल्या तीन-चार अडचणीच्या जागा तेवढ्या दुरुस्त करायच्या आहेत.

आधी बैठक, मग बटणे

आपल्याकडे तालमीत वस्ताद नव्या पोराला डाव शिकवण्याआधी पवित्रा शिकवतो, कारण पाय चुकीचे पडले असतील तर पुढचा कोणताही डाव लागत नाही. इथेही क्रम तोच आहे. कोपर टेबलाच्या उंचीइतके असावे आणि मनगट कडेवर मोडून पडू नये. कीबोर्ड बरोबर समोर सरळ ठेवण्याऐवजी थोडा डावीकडे सरकवून किंचित तिरका ठेवल्यास उजवीकडे माउसला मोकळी जागा मिळते आणि डावे मनगट नैसर्गिक रेषेत राहते. अनेक घरांत कीबोर्ड टेबलाखालच्या सरकत्या फळीवर आणि माउस वर टेबलावर असतो. ही मांडणी टाइपिंगपुरती चालून जाते, पण तासभराच्या सामन्यानंतर खांद्याला जाणवते. दोन्ही वस्तू एकाच पातळीवर आणाव्यात.

आता बोटे. माझे दिवसभराचे काम शाहूपुरीतल्या एका छापखान्यात मराठी मजकूर जुळवण्याचे असल्यामुळे माझी बोटे सवयीने ए, एस, डी, एफ या मधल्या ओळीवर जाऊन बसतात, आणि गेमच्या बाबतीत नेमकी तीच सवय मला मोडावी लागली. डोटासाठी डाव्या हाताची अनामिका क्यूवर, मधले बोट डब्ल्यूवर आणि तर्जनी ईवर ठेवावी. तर्जनीनेच आर, डी, एफ आणि टी दाबायचे, करंगळी शिफ्ट, कंट्रोल आणि टॅब यांच्याजवळ राहील आणि अंगठा स्पेस व आल्ट यांच्यावर. बटणे बदलताना प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा: हे बटण दाबताना बाकीची बोटे आपापल्या जागेवर राहतात का? राहत असतील तर ते बटण चांगले. संपूर्ण पंजा उचलावा लागत असेल, तर ते बटण फक्त सवडीच्या कामांसाठी ठेवावे.

विंडोजमधील चार गोष्टी

गेम उघडण्याआधी संगणकाच्या सेटिंगमध्ये काही बदल करणे आवश्यक आहे, कारण ते राहून गेले तर गेममध्ये कितीही कष्ट घेतले तरी अधूनमधून घात होतोच.

पहिला बदल माउसचा. विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ नावाची खूण असते, ती काढून टाकावी. नाव भारदस्त असले तरी तिचे काम असे की हात वेगाने हलला तर कर्सर जास्त अंतर जातो आणि सावकाश हलला तर कमी. त्यामुळे हाताला अंतराची एकच पक्की सवय लागत नाही. कर्सरच्या वेगाची पट्टी अकरा टप्प्यांची असते, ती मधोमध, म्हणजे सहाव्या टप्प्यावर ठेवावी. त्यानंतर माउसचा डीपीआय पाहावा. डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकला असता तो किती ठिपक्यांचे अंतर कळवतो तो आकडा. १९२० ठिपके रुंदीच्या पडद्यावर ८०० डीपीआय असेल, तर कर्सर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेण्यासाठी हात २.४ इंच, म्हणजे साधारण सहा सेंटिमीटर सरकवावा लागतो. ४०० डीपीआयला हेच अंतर बारा सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि १६०० ला तीनवर येते. पट्टी घेऊन एकदा मोजून पाहावे. नेमबाजीच्या गेममध्ये कमी डीपीआय बरा पडतो, परंतु डोटामध्ये कर्सर सतत नकाशाच्या कोपऱ्यापासून पडद्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत धावत असल्यामुळे ८०० ते १६०० च्या दरम्यानचा आकडा सोयीचा वाटतो. भाच्याला १००० वर बरे वाटले. कोणता आकडा थोर आहे यावर वाद घालण्यात अर्थ नाही. एक निवडावा आणि महिनाभर त्याला हात लावू नये.

दुसरा बदल ‘स्टिकी कीज’चा. शिफ्टचे बटण लागोपाठ पाच वेळा दाबले की विंडोज मध्येच एक चौकट पुढे आणते आणि गेम मागे जातो. डोटामध्ये शिफ्ट धरून एकामागून एक आज्ञा रांगेत लावता येतात, त्यामुळे हे बटण वारंवार दाबले जाते. ॲक्सेसिबिलिटीच्या कीबोर्ड विभागात जाऊन ही पाच दाबांची सोय बंद करावी. तिसरी गोष्ट विंडोजच्या बटणाची. ते कंट्रोल आणि आल्ट यांच्यामध्ये दबा धरून बसलेले असते. काही कीबोर्डवर ते बंद करण्यासाठी गेम मोडचे बटण असते, ते असल्यास वापरावे.

चौथी गोष्ट सविस्तर सांगतो, कारण ती इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत सहसा सापडत नाही आणि मराठी टंकलेखन करणाऱ्या प्रत्येकाला ती कधी ना कधी भोवते. ज्या संगणकावर इंग्रजीसोबत मराठी कीबोर्डही बसवलेला आहे, तिथे डावे आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले की भाषा बदलते. डोटामध्ये आल्ट धरून क्लिक केले की सोबत्यांना खूण जाते आणि शिफ्ट धरून आज्ञा रांगेत लागतात. घाईत ही दोन्ही बटणे एकत्र दाबली जाणे अटळ आहे. एकदा ऐन लढाईत मी सोबत्यांना मागे फिरा असे इंग्रजीत लिहायला गेलो आणि चौकटीत नुसत्या काना, मात्रा, वेलांट्या उमटल्या. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत क्यूच्या जागी ‘ौ’, डब्ल्यूच्या जागी ‘ै’, ईच्या जागी ‘ा’ आणि आरच्या जागी ‘ी’ बसलेले असतात, त्याचा हा प्रताप. सोबत्यांपैकी एकाने ही कोणती भाषा म्हणून विचारले, तोवर आमची दोन माणसे पडली होती. विंडोज ११ मध्ये सेटिंग उघडून ‘टाइम अँड लँग्वेज’ मध्ये ‘टायपिंग’ आणि तिथून ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’ येथे जावे. तिथल्या ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ मध्ये भाषा बदलण्याच्या ओळीवर ‘नॉट असाइन्ड’ निवडावे. भाषा बदलण्यासाठी विंडोज आणि स्पेस ही जोडी शिल्लक राहते, त्यामुळे रोजच्या कामात काही अडत नाही.

बदल करण्यापूर्वी तीन सामने कागद घेऊन

लगेच हॉटकीच्या, म्हणजे कोणत्या आज्ञेला कोणते बटण ते ठरवण्याच्या, पानावर जाऊन बटणे बदलू नयेत. मूळ मांडणीवरच संगणकाविरुद्ध तीन सामने खेळावेत आणि शेजारी एक कागद ठेवावा. प्रत्येक सामन्यानंतर तीन प्रकारच्या नोंदी कराव्यात. कोणत्या कामासाठी माउसने चित्रावर क्लिक केले, कोणते बटण शोधण्यासाठी मान खाली घालून कीबोर्डकडे पाहिले, आणि कोणत्या ठिकाणी एकाऐवजी दुसरेच बटण दाबले गेले. भाच्याच्या कागदावर पहिल्या रकान्यात सहाही आयटम होते, दुसऱ्यात टी आणि एफ३, आणि तिसऱ्यात बी ऐवजी दाबलेल्या व्हीची पाच वेळा नोंद होती. या कागदावरूनच पुढचे काम ठरते. जिथे नोंद नाही, तिथे बदल नाही.

जगज्जेत्या खेळाडूंच्या मांडण्या इंटरनेटवर मिळतात आणि त्या जशाच्या तशा उतरवून घेण्याचा मोह होतो. त्यांच्या मांडण्यांत जुन्या वॉरक्राफ्टच्या काळातल्या सवयी मिसळलेल्या असतात, त्यांच्या हातांचे आकार वेगळे असतात, आणि ज्याने आयुष्यात पहिल्यांदा हा गेम उघडला त्याला त्या सवयी उसन्या घेऊन काहीही मिळत नाही.

प्रत्यक्ष मांडणी

गेमच्या मुख्य पडद्यावर वरच्या डाव्या कोपऱ्यातील दातेरी चाकावर क्लिक केले की सेटिंग उघडते. त्यातल्या हॉटकीजच्या पानावर साधी आणि प्रगत अशी दोन दालने आहेत. प्रगत दालनात प्रत्येक स्किल आणि प्रत्येक आयटमच्या जागेसाठी साधे बटण आणि क्विककास्टचे, म्हणजे मधले क्लिक वाचवणारे, बटण वेगवेगळे देता येते; त्याबद्दल पुढे सविस्तर येईल. सुरुवात साध्या दालनातूनच करावी.

स्किल्सची क्यू, डब्ल्यू, ई, डी, एफ, आर ही मांडणी तशीच ठेवावी. ए वर हल्ला आणि एस वर थांबणे, हेही बदलू नये. अडचण आयटमपासून सुरू होते. झेड, एक्स, सी आणि व्ही ही बटणे अंगठा किंवा तर्जनी किंचित खाली वाकवून दाबता येतात, पण बी आणि एनपर्यंत जाताना तर्जनी ताणली जाते आणि अनामिका क्यूवरून सुटते. म्हणून शेवटच्या दोन जागा तिथून हलवाव्यात. एकीसाठी स्पेस हे उत्तम बटण आहे, कारण अंगठा आधीच तिथे असतो आणि तो अन्यथा बेकारच बसलेला असतो. दुसरीसाठी माउसच्या बाजूला अंगठ्याजवळ बटणे असतील तर त्यातले पुढचे वापरावे, नसतील तर जी हे बटण द्यावे. एखादे बटण दुसऱ्या कामाला दिले की तिथली जुनी आज्ञा बेवारस झाली का, हे त्याच वेळी तपासावे आणि कागदावर लिहून ठेवावे.

इथे एक बाब ठळकपणे सांगणे भाग आहे, कारण ती कळायला मला स्वतःला बरेच सामने हरावे लागले. बटण आयटमला जोडलेले नसते, आयटमच्या जागेला जोडलेले असते. म्हणजे स्पेसला जी जागा दिली आहे, त्या जागेत आज ब्लिंक डॅगर आणि उद्या जादूची कांडी असेल, तर अंगठ्याला काहीच शिकता येणार नाही. प्रत्येक प्रकारच्या आयटमला कायमची जागा ठरवून द्यावी आणि कोणताही हिरो घेतला तरी खरेदी झाल्याबरोबर तो आयटम ओढून त्याच जागेत ठेवावा. ब्लिंक डॅगर एका झटक्यात १२०० एककांपर्यंत उडी मारून देतो, परंतु शत्रू हिरोकडून मार बसला की तीन सेकंद तो चालत नाही. म्हणजे तो वापरायचा क्षण मार बसण्याच्या आधीचा असतो, आणि तो क्षण बटण शोधण्यात गेला तर आयटम असून नसल्यासारखा. त्यामुळे ब्लिंक स्पेसच्या जागेत. ब्लॅक किंग बारसारखा जीव वाचवणारा आयटम माउसच्या बाजूच्या बटणावर किंवा झेडवर. तब्येत हळूहळू भरून काढणाऱ्या वस्तू, ज्यांच्या वेळी घाई नसते, त्या सी आणि व्ही वर गेल्या तरी बिघडत नाही.

टाउन पोर्टल स्क्रोल टी वर असतो, तो तिथेच बरा आहे. दोनदा दाबा म्हणजे स्वतःवर वापर ही सोय चालू असताना टी लागोपाठ दोनदा दाबला की हिरो आपल्या तळावरच्या कारंज्याकडे निघतो, नकाशावर क्लिक करावे लागत नाही. मात्र हे निघणे तीन सेकंद चालते आणि त्या तीन सेकंदांत घाबरून जमिनीवर उजवे क्लिक केले की सर्व फुकट जाते. यासाठी सेटिंगमध्ये अशी एक खूण आहे की टेलिपोर्ट फक्त थांबण्याच्या किंवा जागा धरण्याच्या आज्ञेनेच तुटेल. दीर्घकाळ चालणाऱ्या इतर स्किल्ससाठीही तशीच वेगळी खूण आहे. नवख्याने दोन्ही चालू कराव्यात. क्रिस्टल मेडन या हिरोचे फ्रीझिंग फील्ड हे असेच दीर्घ स्किल सुरू करून नंतर सवयीने उजवे क्लिक करून ते स्वतःच बंद पाडणारे लोक मी रोज पाहतो.

क्विककास्ट

या विषयावर सावकाश बोलणे भाग आहे. साध्या पद्धतीत स्किलचे बटण दाबले की कर्सर निशाण्याच्या आकाराचा होतो, तो शत्रूवर नेऊन डावे क्लिक केले की स्किल सुटते. क्विककास्टमध्ये बटण दाबताक्षणी कर्सर जिथे असेल तिथे स्किल सुटते. मधले एक क्लिक वाचते. एका लढाईत पाच-सहा स्किल्स आणि आयटम एका पाठोपाठ वापरायचे असतात, त्यामुळे ही बचत डोळ्यांना दिसते.

पण ही बचत फुकट मिळत नाही. साध्या पद्धतीत बटण आणि क्लिक यांच्या मध्ये स्किल किती लांब पोहोचेल आणि किती जागा व्यापेल, याचे वर्तुळ पडद्यावर दिसते. नवख्याला अंतराचा अंदाज याच वर्तुळातून येतो. क्विककास्ट पहिल्या दिवसापासून सगळीकडे चालू केले तर हे शिक्षण राहून जाते. हिरो मग शत्रू पल्ल्याबाहेर असतानाही स्किल टाकण्यासाठी त्याच्या दिशेने आपण होऊन चालू लागतो आणि शत्रूच्या मारा करणाऱ्या टॉवरखाली जाऊन मरतो.

यातून मधला मार्ग आहे आणि मी नवख्यांना तोच सुचवतो. पर्यायांमध्ये ‘क्विककास्ट ऑन की डाउन’ अशी खूण असते. ती काढून टाकली की बटण दाबून धरल्यावर पल्ल्याचे वर्तुळ दिसते आणि बोट उचलल्यावर स्किल सुटते. शिकणेही होते आणि क्लिकही वाचते. महिन्या-दोन महिन्यांनी अंतर डोळ्यांत बसले की मग ती खूण पुन्हा करावी.

प्रत्येक स्किलला एकच न्याय लावू नये. क्रिस्टल मेडनचेच उदाहरण घेऊ. क्यू वरचे क्रिस्टल नोव्हा जमिनीवर एका गोल भागात पडते, डब्ल्यू वरचे फ्रॉस्टबाइट एका विशिष्ट शत्रूला बांधते. नोव्हाला वर्तुळ मोठे असल्यामुळे कर्सर थोडा चुकला तरी चालतो, तिला क्विककास्ट लगेच द्यावे. फ्रॉस्टबाइटच्या वेळी शत्रूभोवती त्याच्या छोट्या सैनिकांची गर्दी असेल आणि कर्सर बोटभर चुकला, तर हिरोऐवजी एखादा सैनिक बांधला जातो. तिथे काही दिवस साधी पद्धत बरी. प्रगत दालनात हे असे वेगवेगळे ठरवता येते. भाच्याने पहिल्या आठवड्यात फक्त क्यू आणि स्पेस यांना क्विककास्ट दिले होते.

कॅमेरा, हिरो निवडणे आणि बाकी किरकोळ

कॅमेरा हलवण्याचे तीन मार्ग आहेत. कर्सर पडद्याच्या कडेला नेणे, माउसचे चाक दाबून धरून पडदा ओढणे, आणि कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर क्लिक करणे. नवखे पहिल्यावरच सगळा भार टाकतात आणि कडेला नेलेला कर्सर परत आणेपर्यंत मध्ये काय झाले ते त्यांना कळत नाही. छोट्या नकाशाची सवय लवकर लावून घ्यावी. चाकाचा मार्ग उत्तम आहे, पण स्वस्त माउसचे चाक दाबायला जड असते आणि तर्जनी दुखते, तेव्हा तो माउस पाहून ठरवावा. कॅमेऱ्याच्या वेगाची पट्टी सुरुवातीला मध्यावर ठेवून दर काही दिवसांनी थोडी वाढवत न्यावी.

हिरो निवडण्याचे एफ१ आणि कुरिअर मागवण्याचे एफ३ दोन्ही लांब आहेत. एफ३ राहू द्यावे, कारण कुरिअर सवडीने मागवता येतो. हिरो निवडण्याची आज्ञा मात्र १ या बटणावर किंवा माउसच्या मागच्या बाजूच्या बटणावर आणावी. ते दोनदा दाबले की कॅमेराही हिरोवर येऊन थांबतो, आणि लढाईच्या गोंधळात आपण कुठे आहोत हे शोधण्याचा तेवढा एकच खात्रीचा उपाय आहे.

एकाच वेळी अनेक पात्रे चालवावी लागणारे मीपो, चेन किंवा लोन ड्रुइड यांच्यासाठी नियंत्रण-गट लावावे लागतात, पण ते हिरो नवख्याने घेऊच नयेत. इन्व्होकरचीही तीच गोष्ट. त्याच्या तीन गोळ्यांतून तीन-तीन निवडून दहा जोडण्या होतात आणि प्रत्येक जोडणी म्हणजे एक स्वतंत्र स्किल. अशा हिरोंसाठी त्या एकाच हिरोपुरती वेगळी बटणे लावण्याची सोय गेममध्ये आहे, एवढे लक्षात ठेवून सध्या पुढे जावे.

जे डावखुरे आहेत आणि माउस डाव्या हाताने चालवतात, त्यांनी हीच मांडणी आरशातल्यासारखी उजवीकडे न्यावी. स्किल्स यू, आय, ओ, पी वर, आयटम जे, के, एल आणि खालच्या ओळीत, आणि अंगठ्याला स्पेस आहेच.

एका बटणावर एकच आज्ञा असावी. एका दाबात चार गोष्टी करून देणारे मॅक्रो माउसच्या सॉफ्टवेअरमधून बनवता येतात आणि कुणीतरी मित्र ते हमखास सुचवतो, पण त्यांच्या वाटेला जाऊ नये. गेममध्ये ढवळाढवळ करणाऱ्या बाहेरच्या प्रोग्रामपासून तर कटाक्षाने दूर राहावे. फेब्रुवारी २०२३ मध्ये वाल्व्हने अशा एका फसव्या सॉफ्टवेअरचा वापर करणारी ४० हजारांहून अधिक खाती कायमची बंद केली होती.

सराव

नवी मांडणी घेऊन थेट माणसांविरुद्ध उतरू नये. हिरोंच्या पानावर कोणताही हिरो निवडून त्याला आजमावण्याची सोय आहे. तिथे पातळी लगेच वाढवता येते, स्किल पुन्हा तयार होण्याची वाट पाहावी लागत नाही आणि मार खाण्यासाठी समोर एक शत्रू उभा करता येतो. रोज दहा मिनिटे, खाली न पाहता, ठरावीक क्रम करावा: स्पेसने उडी, क्यू, डब्ल्यू, झेड, आणि टी दोनदा. कीबोर्डवर एक रुमाल टाकून त्याखाली हात घालून खेळण्याची युक्ती भाच्याच्या आजीला अजिबात पसंत पडली नाही, पण चार दिवसांत त्याची मान खाली जायची थांबली.

एका आठवड्यात दोनपेक्षा जास्त बटणे बदलू नयेत. बदललेले बटण पहिले दोन-तीन दिवस आधीपेक्षा वाईट वाटते, कारण बोट जुन्या जागी जाते. त्या दिवसांत निराश होऊन परत फिरू नये. आठवडा उलटूनही कागदावर त्याच बटणाची चूक पुन्हा पुन्हा येत असेल, तर मात्र ती जागा आपल्या हाताची नाही असे समजून दुसरी पाहावी. करंगळी किंवा मनगट दुखू लागले, तर तो सरावाचा भाग नव्हे. बहुतेक वेळा कंट्रोल किंवा शिफ्ट फार वेळ धरून ठेवल्याने तसे होते, आणि ते काम दुसऱ्या बोटाकडे सोपवावे लागते.

कॅफेत खेळणाऱ्यांसाठी

राजारामपुरीत किंवा अन्यत्र कॅफेत बसून खेळणाऱ्यांना एक सवलत आणि एक अडचण आहे. डोटा २ ज्यातून उघडतो त्या स्टीम या प्रोग्राममधील क्लाउडची सोय चालू असेल, तर गेमच्या आतील बटणांची मांडणी तुमच्या खात्यासोबत येते, घरी लावलेली बटणे तिथेही मिळतात. विंडोजमधील बदल मात्र येत नाहीत. कर्सरचा वेग, एन्हान्स पॉइंटर प्रिसिजनची खूण, स्टिकी कीज आणि भाषा बदलण्याची जोडी, हे सर्व त्या संगणकावर आधी कोण बसले होते त्यावर अवलंबून असते. म्हणून बसल्याबरोबर पहिली पाच मिनिटे त्यातच घालवावीत. शक्य असेल तर स्वतःचा माउस पिशवीत घेऊन जावा. कीबोर्ड तिथला चालतो, माउस चालत नाही.

कीबोर्डचीही एक छोटी परीक्षा घ्यावी. नोटपॅड उघडून क्यू आणि डब्ल्यू दाबून धरावे आणि तसेच धरून ई, आर, झेड, एक्स व स्पेस एकेक करून दाबावे. साध्या कीबोर्डमध्ये तारांची जाळी अशी असते की काही विशिष्ट तीन बटणे एकत्र दाबली की तिसरे पोहोचतच नाही. माझ्या नेहमीच्या कॅफेतल्या खिडकीकडच्या संगणकावर क्यू आणि डब्ल्यू धरले की स्पेस मुकी होत असे, आणि मी तीन संध्याकाळी ब्लिंक बिघडला म्हणून गेमला शिव्या देत बसलो होतो. असे आढळल्यास मालकाला सांगून जागा बदलून घ्यावी. उठताना स्टीममधून खाते बाहेर काढावे आणि माउस काढून घेताना त्याचा छोटा यूएसबी रिसीव्हर मागच्या बाजूला विसरला नाही ना, तेही पाहावे. भाच्याचा तिथेच राहिला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी कॅफे उघडायच्या आधी आम्ही दोघे शटरसमोर उभे होतो.